एक साठांश दुखणं: असाध्य आजारात ज्यू परंपरा आशा कशी देते

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रिया थोडी सुटसुटीत केली. तेव्हापासून व्हेंटिलेटर लावायचा की नाही, यावर आपल्याकडे निदान बोलणं तरी सुरू झालं. पण कायदा बोलतो तो उपचारांबद्दल. खाटेजवळच्या स्टुलावर बसलेल्या माणसाने काय बोलायचं, हे कोणतंच न्यायालय सांगत नाही. तिथे आपल्याकडे दोन ठरलेली वाक्यं असतात. पेशंटला सांगायचं, “काही होत नाही तुम्हाला, दिवाळीला घरी असाल.” आणि बाहेर पॅसेजमध्ये नातेवाइकांना, हळू आवाजात, “आता काही खरं नाही.”

या दोन वाक्यांच्या मधल्या जागेवर ज्यू धर्मात दीड-दोन हजार वर्षं बारकाईने विचार झालेला आहे. भेटायला कोणत्या वेळी जावं, कुठे बसावं, काय मागावं, काय मागू नये, सगळ्याचे नियम आहेत आणि त्या नियमांवर वादही आहेत. आज इस्रायल-अमेरिकेतल्या रुग्णालयांत ज्यू आध्यात्मिक साथीदार जे काम करतात, त्याची मुळं याच चर्चेत सापडतात.

हे काम करतं कोण?

अमेरिकेत त्यांना चॅप्लेन म्हणतात. रुग्णालयाच्या चमूत डॉक्टर, नर्स, सोशल वर्कर असतात तसाच हाही एक पगारी, प्रशिक्षित माणूस. गंमत म्हणजे हे प्रशिक्षण मुळात ज्यूंचं नव्हे. अँटन बॉइसन या प्रोटेस्टंट पाद्रीने १९२५ मध्ये मॅसेच्युसेट्समधल्या एका मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये राहून शिकवायला सुरुवात केली. स्वतः बॉइसन आधी मनोरुग्ण म्हणून दाखल राहिलेला होता. पुढे ज्यूंनी ही पद्धत घेतली आणि तिच्यात आपली सामग्री भरली. अमेरिकेतल्या ज्यू चॅप्लेनांची संघटना १९९० मध्ये उभी राहिली. इस्रायलमध्ये हे काम मुख्यतः २००० नंतर वाढलं. तिथले साथीदार रब्बीच असतात असं नाही. स्त्रिया पुष्कळ आहेत, धर्म न पाळणारेही आहेत.

रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू, हे बहुतेकांना माहीत असतं. आणखी दोन नावं आधीच सांगून ठेवतो, कारण ती पुन्हा पुन्हा येतील. तालमूद हा इ.स. ५०० च्या सुमारास बाबिलोनियात संकलित झालेला वादविवादांचा प्रचंड ग्रंथ. त्यात कायदा आहे, गोष्टी आहेत, भांडणंही आहेत. आणि शुल्हान आरुख ही योसेफ कारो यांची सोळाव्या शतकातली धर्मनियमांची संहिता. आजारी माणसाला भेटणं हे ज्यू धर्मात कर्तव्य आहे, आणि संहितेत त्याला स्वतंत्र प्रकरण आहे.

साठावा हिस्सा

तालमूद म्हणतं, आजाऱ्याला भेटायला जाणारा त्याच्या दुखण्याचा साठावा हिस्सा घेऊन जातो. ऐकणाऱ्यांपैकी एकाने लगेच हिशेब मांडला: मग साठ जणांना एकदमच पाठवा की, तो उठून उभाच राहील! उत्तर मिळालं की प्रत्येक जण उरलेल्या दुखण्याचा साठावा हिस्सा नेतो. शिवाय येणारा त्याच्या जोडीचा, त्याच्याच नक्षत्रावर जन्मलेला माणूस हवा.

आकडेमोड करून पाहिली तर साठ जण येऊन गेल्यावरही मूळ दुखण्याचा ३६ टक्क्यांहून थोडा जास्त भाग शिल्लक राहतो. सहाशे आले तरी शून्य होत नाही. म्हणजे हा नियम सांगणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की भेटीने आजार जात नाही. तरीही त्यांनी ती कर्तव्यात घातली. आशेचा हा पहिला धडा आहे आणि तो हिशेबी आहे: सगळं दुखणं काढता येत नाही म्हणून साठावा हिस्साही काढायचा नाही, असं होत नाही.

याच पानाच्या पुढे रब्बी अकिवांची गोष्ट येते. त्यांचा एक शिष्य आजारी पडला. कोणी विद्वान त्याच्याकडे फिरकला नाही. अकिवा गेले, खोलीची अवस्था पाहिली आणि जमीन झाडून तिच्यावर पाणी शिंपडायला लावलं. शिष्य बरा झाला आणि म्हणाला, “गुरुजी, तुम्ही मला जिवंत केलंत.” बाहेर येऊन अकिवांनी शिकवलं की जो आजाऱ्याला भेटत नाही, तो जणू रक्त सांडतो. गोष्टीत अकिवांनी कोणता मंत्र म्हटला याचा उल्लेखच नाही. केर काढल्याचा आहे.

बरं होणं ही एकच आशा नसते

मृग कोरडा गेला म्हणून शेतकरी घरात बसून राहत नाही. मूग-उडदाची वेळ टळली तर तूर-बाजरी बघतो. तेही हातचं गेलं तर परतीच्या पावसाच्या ओलीवर हरभरा पेरतो. काय पिकेल हे तो हंगामाकडे पाहून ठरवतो, पण पेरायचं की नाही हा प्रश्न तो स्वतःला विचारत नाही. रुग्णालयातला अनुभवी साथीदार आशेकडे असंच बघतो. बरं व्हायची आशा असेल तोवर ती धरायची. ती विरळ झाली तर पेशंटलाच विचारायचं, आता कशाची आशा वाटते? उत्तरं बहुतेक वेळा छोटी असतात. रात्री दुखू नये. धाकट्याशी बोलणं व्हावं. एकटं असताना जाऊ नये.

हा बदल प्रार्थनेच्या शब्दांतही आहे. ज्यू देवळात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, आजाऱ्यांची नावं घेऊन म्हणायची एक प्रार्थना असते. तिच्यात पूर्ण बरं होणं मागतात, आणि मग त्याची फोड करतात: आत्म्याचं बरं होणं आणि शरीराचं बरं होणं. आत्मा आधी. शरीराच्या बाबतीत डॉक्टरांनी हात टेकले तरी प्रार्थनेचा अर्धा भाग उरतोच. (या प्रार्थनेत माणसाची ओळख आईच्या नावाने सांगतात. वडिलांचं नाव लावायची सवय असलेल्या आपल्याला हे ऐकताना जरा थांबायला होतं.)

तीन सांत्वनं फसली

मला विचाराल तर आजारपणाबद्दल ज्यू परंपरेने सांगितलेली सगळ्यात खरी गोष्ट तालमूदच्या पहिल्याच भागात आहे. तिसऱ्या शतकातले रब्बी योहानान आपल्या आजारी मित्राला, एलाझारला, भेटायला जातात. एलाझार अंधाऱ्या खोलीत पडलेला असतो. योहानान अतिशय देखणे होते. ते आपली बाही वर करतात आणि त्यांच्या गोऱ्या दंडाचा उजेड खोलीत पडतो. त्या उजेडात दिसतं की एलाझार रडतोय.

योहानान विचारतात, का रडतोस? आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच कारणं सुचवू लागतात. धर्माचा अभ्यास पुरेसा झाला नाही म्हणून? अरे, कमी-जास्त महत्त्वाचं नसतं, मन देवाकडे असलं म्हणजे झालं. मग गरिबीसाठी? प्रत्येकाच्या नशिबी दोन्ही पानं वाढलेली नसतात. मुलांसाठी? मग ते आपल्याजवळचं एक हाड दाखवतात: हे माझ्या दहाव्या मुलाचं. योहानान यांनी दहा मुलं गमावली होती.

तिन्ही सांत्वनं बरोबर आहेत, आणि तिन्ही चुकलेली आहेत. एलाझार म्हणतो, “हे सौंदर्य मातीत कुजणार, म्हणून रडतोय.” योहानान म्हणतात, “त्यासाठी मात्र रडायलाच हवं.” आणि दोघं मिळून रडतात.

त्यानंतर योहानान विचारतात, “ही दुःखं तुला प्रिय आहेत का?” त्या काळी एक मत असं होतं की दुःख हे देवाच्या प्रेमाचं लक्षण आहे आणि त्याचं फळ परलोकात मिळतं. एलाझार म्हणतो, “तीही नकोत आणि त्यांचं फळही नको.” योहानान त्याला पाखंडी म्हणत नाहीत. “हात दे,” म्हणतात. एलाझार हात देतो, ते त्याला उठवतात.

याच्या जरा आधी असाच एक प्रसंग आहे, पण तिथे आजारी पडतात ते स्वतः योहानान. दुसरे रब्बी येऊन त्यांना हात देऊन उठवतात. तालमूद विचारतं, दुसऱ्यांना उठवणारे योहानान स्वतःच का नाही उठले? उत्तर एका ओळीचं: कैदी स्वतःची तुरुंगातून सुटका करू शकत नाही. “धीर धरा, मनाने खंबीर राहा” असं पेशंटला सांगणाऱ्या प्रत्येकाला ही ओळ ऐकवावीशी वाटते. आशा त्याच्या आतून यावी अशी अपेक्षाच इथे नाही. ती बाहेरून हातात हात घेऊन द्यावी लागते.

“पण ही खोटी आशा नाही का?”

हा आक्षेप बाहेरच्यांच्या आधी रब्बींनीच घेतला होता. जे घडून गेलंय ते बदलावं म्हणून केलेली प्रार्थना फुकट, असं तालमूद स्पष्ट सांगतं. गावात आरडाओरडा ऐकू आला तर “माझ्या घरी काही झालेलं नसो” असं म्हणायचं नाही, कारण जिथे व्हायचं तिथे ते होऊन गेलेलं असतं.

दुसरा नियम मला फार आवडतो. आजाऱ्याला दिवसाच्या पहिल्या तीन तासांत भेटू नये आणि शेवटच्या तीन तासांतही भेटू नये. सकाळी पेशंट जरा टवटवीत दिसतो, मग भेटणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे आणि तो त्याच्यासाठी प्रार्थनाच करत नाही. संध्याकाळी पेशंट खालावलेला दिसतो, मग भेटणारा हाय खातो. संध्याकाळी वाढणारा ताप ज्यांनी घरात पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. दोन्ही टोकांच्या वेळा टाळायच्या त्या भेटणाऱ्याचा अंदाज चुकू नये म्हणून.

तरी खरं किती सांगायचं यावर एकमत नाही. आजाऱ्याचा जवळचा नातेवाईक वारला तर त्याला ते सांगू नये, मन खचेल, असं संहिता म्हणते. बायबलमध्ये संदेष्टा यशया हिज्कीया राजाला तोंडावर सांगतो की घराची व्यवस्था लाव, तू जगणार नाहीस. राजा भिंतीकडे तोंड करून प्रार्थना करतो आणि त्याला आणखी १५ वर्षं मिळतात. तालमूदमध्ये हाच राजा यशयाला सुनावतो: मानेवर धारदार तलवार टेकलेली असली तरी माणसाने दयेची याचना सोडू नये, असं माझ्या पूर्वजांकडून आलंय. आजच्या इस्रायलचा १९९६ चा रुग्णहक्क कायदा माहिती देण्याच्या बाजूने आहे. माहितीने पेशंटला गंभीर इजा होईल असं रुग्णालयाच्या नैतिकता समितीला पटलं, तरच डॉक्टरला ती रोखता येते.

परंपरेने या पेचातून काढलेली वाट शेवटच्या कबुलीत दिसते. मरणाच्या जवळ आलेल्या माणसाला पापांची कबुली द्यायला सांगतात, पण सांगायचं कसं हेही लिहून ठेवलंय: पुष्कळांनी कबुली दिली आणि ते मेले नाहीत, पुष्कळ जण कबुली न देताच मेले. आणि ज्यांच्या रडण्याने पेशंटचं मन खचेल त्यांच्यासमोर हे सांगू नये. कबुलीचे शब्द साधारण असे: माझं बरं होणं तुझ्या हाती आहे आणि माझं मरणंही तुझ्या हाती आहे, तू मला पूर्ण बरं करावंस अशी तुझी इच्छा असो, आणि मी मेलो, तर माझं मरण माझ्या पापांचं प्रायश्चित्त ठरो. बरं होण्याची मागणी पुसलेली नाही, मरणही लपवलेलं नाही. पॅसेजमधलं वाक्य आणि खाटेजवळचं वाक्य एकाच श्वासात, आणि तेही खुद्द पेशंटच्या तोंडी.

“जगात निराशा नावाची गोष्टच नाही” हे ब्रेस्लोवच्या रब्बी नाखमान यांचं वचन इस्रायलमध्ये फार लोकप्रिय आहे. स्वतः नाखमान १८१० मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी क्षयाने गेले. वचन उद्धृत करणाऱ्याने हेही सांगावं.

“देवाच्या हाती असेल तर डॉक्टर कशाला?”

हा वाद बऱ्याच अंशी लवकर मिटला. बायबलमधल्या निर्गमच्या पुस्तकात, मारहाण करणाऱ्याने जखमीच्या उपचारांचा खर्च द्यावा असं कलम आहे. त्यावरून तालमूदने निष्कर्ष काढला की बरं करण्याची परवानगी वैद्याला दिलेली आहे. जीव वाचवण्यासाठी शब्बाथसुद्धा, म्हणजे शनिवारचा पवित्र विश्रांतीचा दिवससुद्धा, मोडायचा. मोठमोठे धर्मपंडित स्वतः वैद्य होते. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये राहिलेले मैमोनिडीस हे त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध नाव.

“मरण मागणं म्हणजे आशा सोडणं नाही का?”

रब्बी यहूदा हे मिश्ना या धर्मनियमांच्या मूळ संकलनाचे कर्ते. ते मरणासन्न होते, आणि शिष्य खंड न पाडता प्रार्थना करत होते, म्हणून त्यांचा जीव जात नव्हता. घरची मोलकरीण आधी म्हणाली, वरच्यांना, म्हणजे देवदूतांना, हे हवेत, खालच्यांनाही हवेत. खालच्यांचा जय होवो. मग तिने त्यांना पोटाच्या दुखण्यामुळे पुन्हा पुन्हा शौचाला जाताना पाहिलं. दर वेळी प्रार्थनेची चामडी पेटी अंगावरून काढायची, परत बांधायची, आणि वेदना. तेव्हा ती म्हणाली, वरच्यांचा जय होवो. शिष्य थांबेनात, तशी तिने छपरावरून एक मडकं खाली टाकलं. आवाजाने क्षणभर प्रार्थना थांबली आणि रब्बी यहूदा गेले.

तालमूद तिला दोष देत नाही. चौदाव्या शतकात बार्सिलोनाच्या रब्बी निस्सीम यांनी याच गोष्टीच्या आधारे लिहिलं की कधी कधी आजाऱ्याला मरण यावं अशीही प्रार्थना करावी. संपूर्ण प्रकरणात त्या माणसाकडे नीट बघितलं ते फक्त मोलकरणीने. बाकीचे प्रार्थनेत होते.

मात्र प्रार्थना वेगळी आणि कृती वेगळी. ज्यू धर्मनियमांत मरण ओढवून आणायला सक्त मनाई आहे. मरणाच्या वाटेतला अडथळा दूर करायला मुभा आहे. या फरकावर इस्रायलचा २००५ चा ‘मरणासन्न रुग्ण कायदा’ उभा आहे. त्याचा मसुदा ५९ जणांच्या समितीने केला. उपचार करूनही आयुष्य सहा महिन्यांहून जास्त नाही अशा रुग्णाला तो लागू होतो. डायलिसिससारखा टप्प्याटप्प्याने होणारा उपचार पुढच्या खेपेला सुरू न करण्याची परवानगी त्यात आहे, पण सलग चाललेला व्हेंटिलेटर बंद करायची नाही. मग पेशंटची इच्छा कशी पाळायची? कायद्याने व्हेंटिलेटरला टायमर लावायची तरतूद केली. ठरावीक वेळाने तो थांबेल, आणि पुन्हा चालू करायचा की नाही हा निर्णय दर वेळी नव्याने होईल. शब्बाथच्या दिवशी घरातले दिवे टायमरवर ठेवणाऱ्या समाजाला ही युक्ती सुचली यात नवल नाही. बाहेरच्याला ती कायदेशीर कसरत वाटेल, आणि थोडी आहेही. पण त्याच कायद्याने वेदना कमी करणारी देखभाल हा रुग्णाचा हक्क ठरवला, हे टायमरच्या चर्चेत झाकलं जातं.

“देव न मानणाऱ्याचं काय?”

इस्रायलमध्ये अर्थातच हा प्रश्न रोजचा आहे. तिथे साथीदार प्रार्थनेऐवजी कविता, गाणं, लहानपणच्या सणांच्या आठवणी घेऊन बसतो. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या मेणबत्त्या लावतात. ऑक्सिजन चालू असलेल्या वॉर्डात ज्योत चालत नाही, म्हणून बॅटरीवरच्या मेणबत्त्या मिळतात. कधी देवाचं नावही न काढलेल्या बाईला ती कळ दाबायची असते.

मुलांसाठी पत्र लिहून ठेवण्याचीही जुनी चाल आहे. पैशांचं नव्हे, शिकवणीचं मृत्युपत्र. बाराव्या शतकातले वैद्य आणि भाषांतरकार यहूदा इब्न तिब्बोन यांनी मुलाला असं पत्र लिहिलं. त्यात उपदेश आहेच, पण ग्रंथांची निगा कशी राखायची हेही आहे: हिब्रू पुस्तकं दर अमावास्येनंतरच्या नव्या चंद्राला तपास, अरबी पुस्तकं दोन महिन्यांतून एकदा. मुलाबद्दल भरपूर तक्रारीही आहेत. तोच मुलगा, शमुवेल, पुढे मैमोनिडीसच्या मुख्य तत्त्वज्ञानग्रंथाचा हिब्रू अनुवादक झाला. आज साथीदार पेशंटजवळ वही किंवा रेकॉर्डर घेऊन बसतात, तेव्हा अशीच पत्रं तयार होतात. त्यात भाजीच्या फोडणीपासून जुन्या भांडणाच्या माफीपर्यंत काहीही असतं.

कोकणातला एलिया

आपल्या कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, ज्यांना शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवतात म्हणून गावात शनवार तेली म्हणत, आजारपणात एलियाहू हनाबीला नवस बोलतात. एलिया हा अग्निरथातून सदेह स्वर्गात गेलेला, म्हणजे न मेलेला संदेष्टा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. माणूस बरा झाला की मलिदा करायचा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, भोवती फळं, आणि एलियाचं गाणं. इस्रायलमधल्या दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत गेलेल्या मराठी बोलणाऱ्या कुटुंबांनी मलिदा तिकडेही नेला.

नवस फळला नाही तर? त्याचे रब्बींनी लिहिलेले नियम नाहीत. तिथे येऊन बसणारी माणसंच असतात.

फोन केला तर चालेल का?

विसाव्या शतकातले न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन यांना हा प्रश्न खरोखर विचारला गेला होता. त्यांनी सांगितलं, जाणं शक्यच नसेल तर फोन करा, कर्तव्याचा काही भाग तरी पार पडेल. जाता येत असेल तर फोनवर भागत नाही. प्रत्यक्ष पाहिल्यावर प्रार्थना जास्त कळकळीची होते, आणि पेशंटला काय हवंय ते समोर उभं राहिल्यावरच दिसतं. व्हॉट्सअॅपवरचा हात जोडलेला इमोजी त्यांच्या काळात नव्हता. पण उशाला पाण्याचा तांब्या रिकामा आहे की भरलेला, हे त्यावरूनही कळत नाही.